दोरीचं दुसरं टोक

निवृत्त पोस्टमन घरी परतला, की जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणायचा, "पायरी." बरं, सोबत कोणी असावं, तर तेही नाही. खालच्या मजल्यावरची बाई दारातून डोकवायची. "काका, कोणाला सांगताय? पायरी काय पळून जाणार आहे?" त्यावर तोही कसनुसं हसायचा आणि वर जाऊन कुलूप काढायचा. आत एक खाट, एक खुर्ची, एक ताट. लग्न राहून गेलं ते गेलंच. उभा जन्म लोकांची दारं ठोठावण्यात गेला, आणि याचं दार ठोठावायला मात्र कुत्रं फिरकत नव्हतं.

हे पायरीचं खूळ मैदानावरचं. तिथे एक ताई सकाळी डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलामुलींचा वर्ग घ्यायची. वर्ग म्हणजे खडू-फळा नव्हे हो. काठी घेऊन चालायचं कसं, रस्ता ओलांडायचा कसा, पडलं तर हात कुठे टेकायचे, असलं शिकवायची. आणि ज्यांचे पाय स्वस्थ बसत नाहीत त्यांना पळायला शिकवायची. एकटाच फेऱ्या मारणाऱ्या पोस्टमनला तिने एकदा हटकलं. "काका, उगाच कशाला एकटे घाम गाळताय? हिला घेऊन पळा की." तो नाही-हो करतोय तोवर एका पोरीच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक तिने त्याच्या बोटांत अडकवलंसुद्धा.

त्या पोरीला सगळे वादळ म्हणायचे. पहिल्याच दिवशी ती कोणाचं न ऐकता सुसाट सुटली होती आणि थेट कुंपणात घुसली होती, तेव्हापासून.

दोरी वीतभर. दोन्ही टोकांना फास, एक तिच्या हातात, एक जोडीदाराच्या. जोडीदाराने शेजारून पळायचं आणि सांगत राहायचं: वळण, सरळ, पुढे गर्दी, पायरी. ओढायचं नाही, हात सोडायचा नाही, आणि शेवटची रेघ तिच्या आधी ओलांडायची नाही. म्हणजे शर्यत तिची, दम याचाही जाणार, पण नाक पुढे काढायचं नाही. पोस्टमनला हे काम असं मानवलं म्हणता! गावभरच्या पायऱ्या त्याच्या पायांना पाठ होत्या, आता त्या कोणाला तरी सांगायला मिळाल्या.

पळून झालं की दोघं प्रेक्षकांच्या बाकावर टेकायची.

"काका, सकाळी काही खाल्लंत का?"

"हो हो."

"खोटं. तुमचा श्वास रिकाम्या पोटाचा आहे."

आई गेल्यापासून हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने खाऊन आला. तरी तिने विचारलंच, आणि तिने विचारावं म्हणून तो मधूनमधून उपाशीही यायला लागला. म्हाताऱ्या माणसाचे लाड, दुसरं काय!

तर असं सगळं छान चाललेलं असताना दोरी ढिली पडली. आधी पळताना ती ताठ असायची, पोरगी सारखी पुढे झेपावायची आणि हा मागून धापा टाकायचा. आता ती दोघांच्या मध्ये लोंबायला लागली. पोस्टमनला आधी बरं वाटलं. वाटलं, चला, आपल्याला अजून जमतंय की! मग एके सकाळी त्याने मुद्दाम पाऊल मंद केलं. तीही मंद झाली. आणखी मंद केलं, तीही आणखी. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी थकली नव्हती, ती त्याला सांभाळून घेत होती.

संघाची निवड तोंडावर आली होती. पहिली आली तर मोठ्या स्पर्धेला, नाहीतर पुन्हा याच मैदानाभोवती गोल गोल. गप्प बसला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. ती हरली असती आणि त्याच्याजवळ राहिली असती. हा विचार त्याच्या मनात आला, नाही असं नाही. चांगला रात्रभर मुक्कामाला राहिला. सकाळी त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो ताईकडे गेला. "हिला कोणीतरी तरणाबांड द्या. माझ्याने होत नाही."

ताईने कॉलेजात पळणारा एक उंच मुलगा आणला. पोरांनी तासाभरात त्याचं नाव लंबू ठेवलं. वादळला मात्र पोस्टमनने गुडघ्याचं कारण सांगितलं.

"कुठला गुडघा?"

"उजवा."

"मी तुमच्या उजव्याच बाजूला पळते काका. दुखत असता तर तुमच्या आधी मला कळलं असतं."

"अगं, आता वय झालं..."

"माझा कंटाळा आला म्हणा ना सरळ!" असं म्हणून तिने दोरी भिरकावून दिली. त्याने ती उचलली, झटकली आणि लंबूच्या हातात ठेवली. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं, म्हणून उघडलं नाही.

घरी बसवेना, म्हणून तो सराव बघायला जायचा. कडेला उभा राहायचा आणि ओठ हलवायचा. एके दिवशी दोघं वेगात वळणाशी आली. लंबू सांगणारच होता, पण याला कुठला धीर! सवयीने ओरडला, "वळण!" झालं. पोरीचे कान त्या आवाजाला बांधलेले. ती आवाजाच्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या अंगाला वळली, लंबू आतल्या. दोघं एकमेकांत गुंतून आपटली. तिचं कोपर सोलवटलं.

"काका," ताई हात जोडून म्हणाली, "या हवं तर, पण तोंडाला कुलूप लावून या."

निवडीच्या दिवशी तो आला. चारी बाजूंनी आयाबाया, भावंडं, शेजारीपाजारी नरडी फाडून ओरडत होते. आणि ज्याला सगळ्यांत जास्त ओरडायचं होतं तो रुमालाचा बोळा तोंडात कोंबून वळणापाशी उभा. शेजारच्या माणसाने विचारलं, "दात दुखतोय का?" त्याने मान डोलावली. वादळ आली, समोरून गेली. दोरी तारेसारखी ताठ होती. तिला एवढं जोरात पळताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? इतके दिवस तिच्या शेजारी तर तोच पळत होता. ती पहिली आली, आणि याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दातवाला शेजारी म्हणाला, "अहो, डॉक्टरकडे तरी जा!"

तो गर्दीतून वाट काढत तिच्या मागे पोचला. ती लंबूला विचारत होती, "काका आलेत का रे?"

"मला नाही दिसले."

"नसतीलच आले." तिचं तोंड एवढंसं झालं.

जिंकल्याच्या भरात लंबूचं लक्ष नव्हतं. मैदानाच्या कडेची पायरी आली आणि तो तिला तसाच घेऊन निघाला.

"पायरी! खाली."

तिचं उचललेलं पाऊल हवेतच थांबलं. तिने मान वळवली नाही, पण चेहरा असा उजळला, की पोस्टमनला खाली बघावं लागलं.

"होतात तुम्ही! मग ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर वळली असतीस."

"आणि गुडघा?"

"ठणठणीत आहे."

"लबाड!"

"मी लबाड? आणि दोरी कोण ढिली सोडत होतं?"

ती हसायला गेली आणि रडायला लागली. तेवढ्यात ताईची हाक आली. निवडलेल्यांची गाडी शिबिराला निघायची होती, आजच, आत्ताच. लंबू या वेळी नीट म्हणाला, "गाडीच्या पायऱ्या आहेत, वर." ती चढली. आवाज चुकला नाही, वेळही चुकली नाही. गुणी पोरगा होता, त्याला नावं ठेवायला जागाच नव्हती.

खिडकीतून ती ओरडली, "काका, खाल्लंत ना काही?"

"हो!" तो म्हणाला. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नव्हतं. पण तेवढ्या लांबून श्वास कुठला ऐकू यायला. तिने मान हलवली आणि गाडी गेली.

घरी आल्यावर तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला.

"पायरी," तो म्हणाला. एक पाऊल वर ठेवलं आणि दुसऱ्या कोणाचं पाऊल वर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो तिथेच थांबला.