गलबत नावाचा माणूस

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक आश्रमशाळा होती. १९८८ साली धुळ्याहून प्रमिलाबाई तिथे मराठी शिकवायला आल्या. आठवीला वाचायला एक कादंबरी होती: कोकणातला खलाशी समुद्रावर जातो, परत येत नाही, मुलगी वाट पाहते.

पोरं घडाघडा वाचत. घरी सगळ्यांची पावरी बोली, मराठी फक्त शाळेतली. महिन्याभरानं बाईंनी विचारलं, गोष्टीत कोण आवडलं? खाज्या म्हणाला, गलबत. तो बिचारा परत आलाच नाही. सगळा वर्ग हळहळला. गलबत हा खलाशाचा भाऊ असावा, असं सर्वांचंच मत होतं.

बाईंना आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. महिनाभर पोरं एका होडीचं सुतक पाळत होती.

दिवाळीच्या सुटीत त्यांनी कादंबरी पुन्हा लिहून काढली. वाक्यं लहान केली, गलबताचं चित्र काढलं, दोनशे पानांची चाळीस केली. कार्बन घालून प्रती काढल्या. आता पोरं थांबून वाचू लागली, मध्येच हसू लागली. बाई खूश होत्या.

पुस्तक संपलं त्या दिवशी जिवली उभी राहिली. ही मुलगी वर्षभरात चार शब्द बोलली नव्हती. तिनं विचारलं, शेवटी गावानं त्या मुलीची माफी का मागितली?

गाव त्या मुलीवर चोरीचा खोटा आळ घेतं, ते प्रकरण त्यांनी गाळलं होतं. त्यांनी ते तोंडी सांगितलं. जिवलीनं नीट ऐकून घेतलं.

"अवघड होतं म्हणून काढलं का, बाई?"

"हो."

"आम्हाला शब्द अवघड जातात. गोष्ट नाही जात."

बाईंना ते लागलं, पण पटलंही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते प्रकरण वर्गासमोर ठेवलं. त्या वाचत, पोरं आपल्या बोलीत भांडून अर्थ लावत, आणि जिवली सोप्या मराठीत वाक्य सांगे. 'आळ' या शब्दावर अर्धा तास गेला. जिवलीनं लिहिलं: तिनं घेतलं नव्हतं, तरी सगळे म्हणाले, तिनंच घेतलं. हे वाक्य बाईंना मूळ लेखकापेक्षा बरं वाटलं. आठवड्यात सात पानं तयार झाली आणि ती जिवलीच्या अक्षरात पुस्तकाला शिवली गेली.

मुख्याध्यापक अभिमन पाटील शिंदखेड्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांनी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं आणि बाईंना बोलावलं.

"हाई बठ्ठं पोरेसनी लिखं?"

सगळं पोरांनी नाही लिहिलं, सात पानं त्यांची, बाकी माझं, असं बाईंनी सांगितलं. सर म्हणाले, ती सातच जास्त चांगली. मग जरा ओशाळून त्यांनी कपाटातून नववीचं इंग्रजीचं गोष्टीचं पुस्तक काढलं. ते त्यांनाच शिकवायचं होतं, आणि त्यांनाही ते धड उमगत नव्हतं. पोरांबरोबर बसून याचंही असंच करता येईल का, असं त्यांनी विचारलं.

सोमवारी शेवटच्या तासाला सर ते इंग्रजी पुस्तक आणि वही घेऊन आठवीच्या वर्गात आले आणि खाज्याशेजारी बाकावर बसले. जिवलीनं त्यांना पहिलं वाक्य वाचायला सांगितलं.