कानाच्या पाळीची खूण

आमच्या गायकाला सगळे 'वादळ' म्हणतात. पोस्टरवर तसं छापतात आणि आता त्यालाही ते खरं वाटायला लागलंय. हे वादळ गरम पाण्याची वाफ घेतल्याशिवाय मंचावर येत नाही आणि खुर्चीवर धूळ दिसली की मॅनेजरच्या अंगावर धावून जातं. अठरा वर्षं मी त्याच्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळतेय, म्हणून सांगते.

त्याचं नाव झालं ते 'निळा रुमाल' या गाण्यावर. कापड रंगवायच्या कारखान्यातल्या बायकांचं गाणं. कारखान्यात त्याने आजवर पाऊल टाकलेलं नाही. माझी आई तिथे रंगखात्यात होती. एकदा आमच्याकडे चहा पिताना ती सहज म्हणाली, "नाक शिंकरलं की रुमाल निळा होतो बघ." याने कप खाली ठेवला आणि वही काढली. त्या एका रुमालावर साहेबांनी चार अल्बम, दोन पुरस्कार आणि सात परदेशवाऱ्या उरकल्या. आईला टी-शर्ट मिळाला. त्यावर फोटो याचाच.

मग तो चळवळीत उतरला. म्हणजे काय, तर प्रत्येक कार्यक्रमात एका कामगाराला मंचावर बोलवायचं, "हा माइक तुमचा आहे!" असं ओरडायचं आणि स्वतः बाजूला डोळे मिटून उभं राहायचं. डोळे मिटले की फोटो चांगला येतो. पण कामगाराने लांबण लावली किंवा तो नको ते बोलायला लागला की वादळाचा हात कानाच्या पाळीकडे जातो. ती मला खूण. पाहुण्याच्या माइकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी मी मिक्सरवर हळूच खाली ओढायची आणि गिटार वर घ्यायची. बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण त्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून त्याचा आवाज त्याला ऐकू येतच राहतो. ही युक्ती माझी. बिचाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून काढलेली. ते खूश होऊन घरी जायचे आणि मी स्वतःला मोठी मायाळू समजायचे.

या खेपेला कार्यक्रम कारखान्यासमोरच्याच मैदानावर होता, दुपारी चारला. पाहुणी माझी आई, नुकतीच निवृत्त झालेली. मंचामागे भला मोठा फलक: वर 'शोषणाविरुद्ध सूर', खाली कारखान्याच्या मालकाचे आभार. मी वादळाला विचारलं, हे काय? तर म्हणे, "बदल आतून घडवायचा असतो." आतून म्हणजे मालकाच्या गाडीतून. त्याच गाडीतून तो आला होता.

त्या दिवशी सकाळी चष्मा पुसता पुसता आई मला म्हणाली, "आज मी माझी सही मागे घेणार आहे."

सही कुठली, ते मला माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी तिची मशीनवरची जोडीदारीण रंगखात्यात कोसळली आणि गेली. वाफ बाहेर टाकणारे पंखे दोन दिवस बंद होते. कंपनीच्या कागदावर मात्र पंखे चालू होते आणि बाईचं हृदय आधीपासून कमजोर होतं. साक्षीदार म्हणून खाली आईची सही. नोकरी जाईल म्हणून केलेली.

"मग भाऊजींना घरी जाऊन सांग ना," मी म्हटलं. भाऊजी म्हणजे त्या जोडीदारणीचा नवरा.

"घरी सांगितलं तर ते एकटेच रडतील. चारचौघांत सांगितलं तर मालकाला उत्तर द्यावं लागेल."

आईने माइक घेतला तेव्हा भाऊजी पहिल्या रांगेत उभे होते. वादळाने डोळे मिटले. आईने रुमालाची आठवण सांगितली, लोक हसले. मग ती म्हणाली, "आता पंख्यांचं सांगते." वादळाचा डोळा उघडला आणि हात कानाकडे गेला.

आणि माझ्या हाताने पट्टी खाली ओढली. मला कुणी धमकावलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता. खूण दिसली, हात गेला, गिटार वर आली. मैदान गायला लागलं. वादळाला ढोंगी म्हणत मी अठरा वर्षं फुकट तोंड वाजवलं. ढोंगाची पट्टी माझ्याच बोटाखाली होती. भानावर येऊन ती वर ढकलली तोवर आई माइक परत देत होती. पंख्यांनंतर मैदानभर ऐकू गेलं ते एवढंच: "...एवढंच होतं माझं." टाळ्यांचा कडकडाट झाला.

आई खाली उतरून माझ्याकडे आली. चेहरा एकदम हलका झालेला.

"बघितलंस? मी सगळं कबूल केलं आणि भाऊजी टाळ्या वाजवत होते. माफ केलं गं त्यांनी मला."

गर्दीतून वाट काढत भाऊजी हसत हसत आमच्याकडेच येत होते. मी गप्प बसले असते तर आईही तशीच खूश होऊन घरी गेली असती. मला स्वतःची किळस आली.

"आई, त्यांना ऐकू गेलं नाही. मी तुझा आवाज बंद केला होता."

तेवढ्यात भाऊजी पोचले. "वहिनी, छान बोललात हो! मधलं जरा गिटारमध्ये कळलं नाही."

मंचावर जाताना माझ्याकडे दिलेली पिशवी आईने माझ्या हातातून काढून घेतली आणि ती त्यांच्याकडे वळली.

"मधलंच सांगायचं होतं, भाऊजी," ती म्हणाली, आणि माइकशिवाय, पहिल्यापासून सांगायला लागली. 'पंखे' हा शब्द आला आणि भाऊजींचं हसू गेलं.