सासूचं नाव काढलं की

शाहजादीबीकडून बांगड्या भरून घेतल्या की हात दुखत नाही, असं सारं कारंजा म्हणायचं. ह्या कौतुकापायीच म्हातारी दर रमजान ईदेला दुकानातून निवृत्त व्हायची आणि आठवडाभरात पुन्हा गादीवर दिसायची. यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा तौसीफ टपलेलाच होता. त्याला दुकानात मोबाइलची कव्हरं लावायची होती. तेव्हा दादीनं दहावीतल्या नातीची, दुआची, परीक्षा ठेवली.

"आजचं पहिलं गिऱ्हाईक तू भर. जमलं तर गादी तुही. नाही तं विका मंग कव्हरं."

दुआला ती गादी हवीच होती. अंगठा तळव्यात कसा दाबायचा ते तिला येत होतं. उरलेली विद्या दादीनं एका वाक्यात दिली होती. "बाईच्या सासूचं नाव काढ. ते बोलाले लागली का हात आपोआप ढिला पडते."

रत्नमाला आली. भाचीचं लग्न होतं, हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. सोबत एक म्हातारी होती. दुआनं हात धरला आणि झोकात विचारलं, "काय म्हणते मामी तुमची सासू? अजून तशीच खवट हाय का?"

हात एकदम लाकूड झाला. पहिलीच बांगडी वाढली. 'फुटली' म्हणायला त्या दुकानात बंदी होती.

"सासू इथंच बसून हाय," सोबतची म्हातारी, लिलाबाई, म्हणाली. "खवट."

तौसीफ दारातून हसला. दादीनं डोळे मिटून घेतले.

दुआचे कान तापले, पण हात तिनं सोडला नाही. "मंग आजी, तुमची सासू कशी होती?"

लिलाबाई पुढं सरकली. "माही? मिठाची बरणी कुलपात ठेवे ते. मेली तवा किल्ली कुठी ठेवली ते कोणालेच ठाऊक नाही. पुण्यानुमोदनाले आलेल्या पाहुण्यायले अळणी वरण वाढलं आमी."

रत्नमालेनं हे कधीच ऐकलं नव्हतं. ती हसून हसून कलंडली आणि बाकीच्या बांगड्या सरसर चढल्या. लिलाबाईनंही हात पुढं केला. "मले बी भर. तूच भर."

दादीनं डोळे उघडले. "हे म्या शिकवलं नोतं. सासूच्या सासूपर्यंत आपण जात नाही."

"मंग मी नापास का?"

"पास," दादी मोठ्या कष्टानं म्हणाली. ती गादीवरून उठली, दुआला तिथं बसवलं आणि स्वतः समोर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. दुआनं लिलाबाईचा हात धरला. "अंगठा आत घे. आत म्हणलं ना. जरा सरक, मले दिसून नाही राह्यलं."

"अम्मी, तू रिटायर झाली ना?" तौसीफ म्हणाला.

"झाली. म्हणून तं इथं बसली."