केकसुद्धा विषारी

त्या रविवारी नौका-क्लबच्या माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी बुटांचा ढीग, आत लोकरी मोजे घातलेलं अख्खं गाव, आणि मधोमध कोपनहेगनहून आलेला, औषधाविना रोग बरे करतो म्हणणारा मोएन्स. पांढरा सदरा, आणि आवाज असा की मेंढीनेसुद्धा गुमान लोकर कापू द्यावी. त्याने समोर उभं केलं होतं दान्यालला. दान्याल म्हणजे आमच्या बेटावरचा सगळ्यात आडदांड गडी, ट्रॉलरवर जन्मभर जाळी ओढलेला.

“उजवा हात आडवा धरा. डाव्या हातात हे माझं जिवंत पाणी,” मोएन्स म्हणाला आणि त्याने आडवा हात दाबला. हात तसूभर हलला नाही. मग बाटली काढून घेऊन त्याने दान्यालच्या मुठीत एक इंजेक्शन ठेवलं आणि पुन्हा दाबलं. हात बदकन खाली आला. कॉफीचे कप ओठांशी थांबले.

“शरीर खोटं बोलत नाही. तुमच्या पेशी रडताहेत,” मोएन्स डोळे मिटून म्हणाला.

मी तीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होतो. माझं जेवण खाऊनसुद्धा कुणाच्या पेशी रडल्याचं कानावर आलं नव्हतं. पण आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर खोटं पाडत नाहीत. तो परतीच्या बोटीत बसला की मग आठवडाभर त्याची सालं काढतात. आमच्या या शिष्टाचारावरच असल्या लोकांचं पोट चालतं.

ते इंजेक्शन माझ्या भाचीचं होतं. रन्वा पंधरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला क्रोन्स निघाला. या आजारात आतड्याला सूज येते, जखमा होतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. आम्हा फेरो बेटवाल्यांना तो नवा नाही. एक अख्खा हिवाळा पोरीने अंथरूण आणि संडास यांच्यामध्ये काढला. मग दर दोन आठवड्यांनी मांडीत टोचायचं हे औषध सुरू झालं. ती अंगाने भरली, आणि यंदा मुलींच्या सहा वल्ह्यांच्या शर्यतीच्या होडीत तिला जागाही मिळाली.

आता ती बरी दिसते, तर औषध कशाला, असं माझ्या बहिणीच्या, मार्युनच्या, डोक्यात शिरलं होतं. रेनकोटामुळे कोरडं राहिलो, तेव्हा रेनकोट फेकून द्या, असला हा हिशेब. डॉक्टरीणबाईंनी तर बजावलं होतं की सूज परत उसळली तर आतड्याचा तुकडा कापावा लागेल.

“शुक्रवारची सुई द्यायची नाही. हे पाणीच देईन,” मार्युन सगळ्यांदेखत म्हणाली.

तेवढ्यात रन्वा उठली. “काका, पेशींना डोळे असतात का हो?” तिने गोड आवाजात विचारलं.

“पेशींना सगळं कळतं, बाळ.”

“मग डबा बंद असला तरी कळेल.”

तिने केकचा एक पत्र्याचा डबा घेतला. आत काही खुळखुळू नये म्हणून दान्यालचे मोजे कोंबले. दान्यालची बायको एल्स्पा स्वयंपाकघरात नाणं उडवायची, छापा पडला तर पाणी, काटा पडला तर इंजेक्शन डब्यात घालायची. रन्वा तो डबा आणून दान्यालच्या हातात द्यायची. तिलाही आत काय आहे ते ठाऊक नसायचं. मग मोएन्सने हात दाबून आत पाणी की इंजेक्शन ते सांगायचं. एकदा चुकला तर योगायोग म्हणतील, म्हणून दहा वेळा केलं. मोएन्सचं बरोबर आलं चार वेळा. त्यापेक्षा एल्स्पाच्या नाण्याला विचारलं असतं तरी चाललं असतं.

पत्र्याने ऊर्जा अडते, असं मोएन्स म्हणू लागला. शिवाय या मोज्यांची ऊर्जा फार जड आहे म्हणाला. मोज्यांबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

“मग डब्याशिवाय करू,” रन्वा म्हणाली. तिने दान्यालच्या हातात एल्स्पाच्या रूबार्ब केकचा तुकडा दिला आणि दोन बोटांनी त्याचा आडवा हात दाबला. एवढा मोठा हात खाली आला.

“केक विषारी आहे.”

“काय गं बोलतेस,” एल्स्पा कडाडली.

रन्वाने खालून होडीच्या इंजिनाच्या डिझेलचा कॅन आणवला. तो दान्यालच्या हातात देऊन पुन्हा दाबलं. हात ताठ.

“डिझेल प्रकृतीला उत्तम. दान्यालकाका, उद्यापासून न्याहारीला घ्या.”

माडी हसून हसून लोळली. मग तिने सांगितलं, “केकच्या वेळी मी मनगटावर दाबलं, डिझेलच्या वेळी कोपराशी. वल्हं टोकाला धरलं तर सहज हलतं, ते अडकवायच्या खुंटीजवळ धरलं तर जीव जातो. इथे कोण वल्हवत नाही? हे काका पाण्याच्या वेळी कोपराशी दाबतात आणि औषधाच्या वेळी मनगटावर. डब्यात काय आहे ते कळेना, तेव्हा कुठे दाबायचं तेच त्यांना कळेना.”

वल्हेकऱ्यांच्या गावात येऊन तरफेची जादू करायची, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पाहुण्याला तोंडावर खोटं पाडण्याची आमच्या गावातली ती पहिली वेळ, आणि मला रन्वाचा फार अभिमान वाटला. मोएन्स बूट शोधायला गेला. त्या ढिगात ते त्याला बराच वेळ सापडले नाहीत.

मंडळी, औषधांना दोष असतात, डॉक्टरही चुकतात. म्हणून तर रक्त तपासतात, नोंदी ठेवतात, चुकलं तर बदलतात. चमत्कारवाल्यालाही तसंच तपासू द्या म्हणावं. तो कां कूं करू लागला की पोराबाळांना घेऊन घरी जा. औषध थांबवायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

शुक्रवारी मी बहिणीकडे गेलो, तेव्हा मार्युन सुई हातात धरून बसली होती.

“तू दर वेळी रडतेस गं,” ती लेकीला म्हणाली. “मला ते बघवत नाही. म्हणून मी त्या माणसाचं ऐकलं.”

रन्वाने मांडी पुढे केली.

“मी रडेन, आई. तू टोच.”