ओरिहारांच्या इंजिनाची किंमत

ओरिहाराबाईंचा फोन आला तेव्हा त्यांच्या पतींचे मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी नुकतेच आटोपले होते. तेइजी ओरिहारा किर्यू गावातल्या एका विणकाम गिरणीत यंत्रे दुरुस्त करीत. त्यांची जुनी दोन दारांची मोटार पंधरा वर्षांपूर्वी अपघातात गेली. इंजिन तेवढे शाबूत राहिले आणि ते त्यांनी घरामागच्या शेडमध्ये लाकडी चौकटीवर ठेवले. तशा मोटारी जपणारे लोक आता अशा इंजिनांच्या शोधात असतात, आणि इंजिन पाहून त्याची किंमत सांगणे आणि ते विकत घेणे हे माझे काम आहे.

“सेन्झाकीसाहेब, आमचे हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इंजिन हाताने फिरवायचे,” बाई फोनवर म्हणाल्या. “थोडं तेल सोडायचे, पाव फेरा द्यायचे. नाहीतर आतून जाम होतं म्हणायचे. शेवटचं ऑगस्टमध्ये फिरवलं, इस्पितळात जायच्या आधी.”

“फार छान. मी शनिवारी येतो. तुम्ही काही करू नका, आहे तसंच राहू द्या.”

आमच्याकडे कुणाच्याही घरी जाण्यापूर्वी हे वाक्य म्हणतातच, आणि ते ऐकणारा फोन ठेवून लगेच झाडू हातात घेतो. मला खरे म्हणजे सांगायचे होते की इंजिनाला हात लावू नका, पाणी तर मुळीच नको. पण नुकताच नवरा गेलेल्या बाईंना असे हुकूम सोडणे मला असभ्य वाटले. मी रीतीचे बोललो आणि मोकळा झालो.

त्या शनिवारी मी गेलो नाही. जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यात परीक्षक म्हणून बोलावणे आले. पुढच्या शनिवारी तसेच दुसरे आले. दोन्ही ठिकाणी लोकांनी माझ्या मनगटाचे कौतुक केले. पाना लावून एक हिसका दिला की सेन्झाकीला इंजिनाचे आयुष्य कळते, असे ते म्हणत. मीही तसे म्हणू देत असे. किर्यूला पोचेपर्यंत तीन आठवडे लोटले होते.

शेडमधले इंजिन नव्या भांड्यासारखे लखलखत होते.

“पाहुण्यांना दाखवायची लाज वाटावी इतकं कळकट झालं होतं हो,” बाई संकोचाने म्हणाल्या.

कार्ब्युरेटर काढून घेतल्यावर जी भोके उघडी राहतात, त्यांत फडकी कोंबलेली होती. तीही पांढरीशुभ्र होती. टापटिपीची बाई आहे, एवढेच माझ्या मनात आले. मी क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि ओढला. इंजिन हलले नाही. पान्याला लांब पाइप जोडून पुन्हा ओढले. तरीही नाही.

अशा वेळी स्पार्क प्लग काढून विजेरीने आत पाहायचे असते. दहा मिनिटांचे काम. मी ते केले नाही.

“दहा वर्षांत हे कुणी फिरवलेलं नाही,” मी म्हणालो.

तेइजींची थोरली बहीण किनुयो दाराशी पर्सिमॉनची फळे सोलत उभी होती. तिचे घर शेजारीच होते. तिचा चाकू थांबला.

“दहा वर्षं? मग महिन्याच्या महिन्याला रविवारी दार लावून आमचा तेइजी इथं करत काय होता गं?”

“वन्सं, ते फिरवायचे. मला सांगायचे तसं.”

“सांगायचा! लहानपणी अभ्यासाला बसतो सांगायचा आणि खिडकीतून पसार व्हायचा. मागच्या दाराने पाचिन्कोच्या जुगाराला जात असणार, दुसरं काय!” ती हसली. तिच्या बोलण्यात विष नव्हते, भावाची जुनी थट्टा होती. पण ओरिहाराबाई हसल्या नाहीत. स्वच्छच असलेला इंजिनाचा पत्रा त्या एप्रनच्या टोकाने पुसू लागल्या.

“हातांना तेलाचा वास यायचा हो त्यांच्या,” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. “दर वेळी यायचा.”

मी पाना पुसून पिशवीत ठेवला आणि भंगाराच्या भावावर थोडे चढवून तीस हजार येनांना इंजिन विकत घेतले. बाईंनी दोनदा वाकून आभार मानले.

सोमवारी माझ्या कारखान्यात मोगीकाकांनी इंजिन उघडले. मोगीकाका माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे लेथवर आहेत.

“मालक, जरा इकडे या,” त्यांनी हाक मारली. “आणि ते मनगटही घेऊन या बरोबर.”

इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, काढलेले होते. सहापैकी पाच सिलिंडर आरशासारखे होते आणि त्यांच्या भिंतींवर तेलाचा पातळ थर होता. चौथ्यात पिस्टनच्या माथ्यावर अजून पाण्याचे थेंब होते, आणि भोवती नारिंगी गंज. मी बोट फिरवले. गंज बोटाला लागून आला.

“किती दिवसांचा?” मी विचारले, जरी मला दिसत होते.

“तीन आठवडे. दहा वर्षांचा गंज काळा पडतो, त्याला खपली धरते. हे मीच शिकवलंय तुम्हाला.” त्यांनी एक फडके उचलून उलगडले. त्याच्या घड्या सरळ होत्या. “इस्त्री केलीय बघा. ही फडकी धुवायला बाहेर काढली असणार, आणि भोकं उघडी असताना इंजिनावर पाण्याची नळी धरली असणार. चौथ्याचा व्हॉल्व्ह उघडा होता, पाणी गेलं सरळ आत. तुम्ही बाईंना काही सांगितलं नव्हतं?”

“आहे तसंच राहू द्या म्हणालो होतो.”

“मग धुणारच ना बिचारी!”

ठरल्या शनिवारी गेलो असतो, तर एका दिवसाचे ते पाणी तेल सोडून तासाभरात बाहेर काढता आले असते. मी सिलिंडरांची मापे घेतली. ते एकदाही आतून कातून मोठे केलेले नव्हते, कारखान्यातून निघाले त्याच मापाचे होते. सात लाख येनांचा माल. आता गंजलेला चौथा कातावाच लागणार, आणि एक कातला की बाकीचेही. तरीही चार लाखांच्या खाली ते येत नव्हते.

“आता काय करणार?” मोगीकाकांनी विचारले.

“सहाही कातायचे.”

“मी इंजिनाचं नाही विचारत.”

त्या संध्याकाळी मी बाईंना एक पत्र लिहिले. बाजारभाव अचानक चढल्याने फरकाची रक्कम पाठवीत आहे, असे त्यात होते. सभ्य, नेटके पत्र होते. पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की त्यात तेइजींचे नाव कुठेच नाही. बाईंना पैसे मिळाले असते आणि नवरा खोटारडाच राहिला असता. खरे सांगावे, तर इंजिन त्यांच्याच हातून बिघडल्याचे त्यांना कळणार. मी पत्र फाडले, तरी निघायला आणखी दोन दिवस घेतले.

ओरिहाराबाईंच्या बैठकीच्या खोलीत मी मिठाईचा डबा आणि फरकाच्या पैशांचे पाकीट पुढे ठेवले, किनुयोताईंनाही बोलावून घेण्याची विनंती केली, आणि दोन्ही हात चटईवर टेकून वाकलो.

“माझं चुकलं. तुमचे यजमान दर महिन्याला इंजिन फिरवत होते. मी आत न पाहता बोललो.”



“मग त्या दिवशी फिरलं का नाही?” बाईंनी विचारले.

“आत ओल गेली होती. मी तीन आठवडे उशीर केला, म्हणून गंज धरला.”

“ओल,” बाई म्हणाल्या. त्यांची नजर अंगणातल्या नळाकडे गेली आणि तिथेच राहिली. “मी धुतलं ते.”

“तुम्हाला काय करू नका ते मी नीट सांगायला हवं होतं. मी नुसतं रीतीचं बोललो.”

यावर त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. पण त्याच हात टेकून वाकल्या. “तुमचा माल मी खराब केला. माफ करा.” मी आणखी खाली वाकलो. त्याही उठेनात.

“उठा बघू दोघंही,” किनुयो म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “चुकलं ते माझ्या जिभेचं. मेलेल्या भावाला जुगारी ठरवून बसले.”

बाई हळूच सरळ झाल्या. “म्हणजे ते इथंच असायचे,” त्या म्हणाल्या, आणि मग मला: “साहेब, हे मला कळलं. आता त्यांना सांगा.”

कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात तेइजींचा फोटो होता. मी उदबत्ती लावली आणि समोर बसलो. शेडमध्ये एका दमात बोलून टाकणाऱ्या मला आता शब्द सापडेनात. शेवटी मी खिशातून मापांची वही काढली आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. मोठ्याने वाचू लागलो.

“पहिला सिलिंडर, मूळ मापाचा, निर्दोष. दुसरा, निर्दोष. तिसरा, निर्दोष.”

मी थांबलो.

“चौथाही सांगा,” मागून बाई म्हणाल्या. “त्यांना अर्धवट सांगितलेलं चालत नसे.”