निरोपाआधीची शांतता

"आजोबा, आजी उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी वाटते," नात म्हणाली.

स्मार्ट स्पीकरमध्ये माझ्या बायकोचा शेवटचा निरोप होता. त्या दुपारी मी शेजारच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत होतो. तिने पलंगावरून निरोप ठेवला, "अहो, सावकाश आटपा. मी झोपते." मी गेलो तेव्हा सगळं संपलं होतं. मला बोलवायला तिच्या उशाशी इवलीशी घंटा होती. ती वाजलीच नाही, तिने बोलावलंच नाही, हे मी मुलांना शंभरदा सांगितलं होतं. वर्षभर त्याच आधारावर जगत होतो.

"मला तर स्वच्छ ऐकू येतं."

"तुम्हाला डास कानात शिरला तरी पत्ता नसतो!"

मी स्पीकर खोलला. शिकवायची संधी मी सोडत नाही.

"हा मोठा पडदा जाड आवाज काढतो. आणि ही नखाएवढी घुमटी, हा ट्वीटर. सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. स, श, श्वास, किणकिण, सगळं बारीक याच्याकडे. म्हणून घुमटी हलकी हवी, रेशमी कापडाची."

"आणि ही समोरच का?"

"बारीक आवाज नाकासमोर चालतो. कोपऱ्यावरून वळायचा त्याला कंटाळा."

घुमटी आत दबली होती, तार तुटलेली. पुसताना माझाच अंगठा लागला असणार. नवा ट्वीटर बसवला, निरोप लावला. सुरुवातीला नेहमीची शांतता, मग तिचे शब्द. मला काडीचा फरक कळला नाही.

नातीने मान तिरपी केली. "आजोबा, बोलायच्या आधी काय वाजतंय?"

"काही नाही. धाप लागायची तिला. दम घेत असेल."

"नाही हो. घंटा आहे. तीनदा वाजली. थांबली. परत तीनदा."

मी पुन्हा लावलं. शांतता. तिने बोटावर मोजून दाखवलं. सहा.

कपाटातून घंटा काढून मी तिच्या हातात दिली. "पलंगाजवळ जा. तिथून वाजव."

माझ्या दुरुस्तीच्या खुर्चीत बसून मी कान टवकारले. बराच वेळ गेला.

"वाजव ना गं!" मी ओरडलो.

ती दारात आली. घंटा हातात जोरजोरात हलत होती, आतला लोळा दोन्हीकडे आपटत होता.

"मघापासून वाजवतेच आहे, आजोबा."