मावशीचा दांडा निमुळता का झाला

साहेब, या शाळेचे प्रमुख तुम्ही, आणि मावशी नापास झाली ती तुमच्यामुळे. तुमची सही असलेल्या कागदावर कारण लिहिलंय, 'माप चुकले'. माप चुकलं हे खरं. ते कुणी चुकवलं, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. म्हणून मी सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. लोखंडाचा दांडा माझ्या जबड्यात घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा, धारदार टूल लावून त्याला हवं ते माप द्यायचं, हे माझं काम. मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. वाळूच्या साच्यात ओतल्यावर मला सहा महिने उघड्यावर नुसतं पडू दिलं होतं, कारण घाईने घडवलेलं बीड पुढे वाकतं. मग एका कारागिराने माझी पाठ हाताने खरवडून सपाट केली. रोज तासन्‌तास, दोन आठवडे. माणसं घडवणाऱ्या शाळेत मला पाठवणार आहेत, हे त्याला माहीत नसावं. माहीत असतं तरी त्याने तेवढंच केलं असतं.

धंद्याचं शिक्षण देणाऱ्या या शाळेत मी आलो तेव्हा मला एक मास्तर लाभले. पोरं त्यांना 'पुन्हामास्तर' म्हणत. जॉब, म्हणजे केलेला नग, कुणी दाखवायला आणला की ते मापायचे, परत द्यायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." राग नाही, लोभ नाही. पण या माणसाची एक रीत होती. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी ते फळ्याकडे जायचेच नाहीत. सगळ्यांना सांगायचे, उद्या येताना घरातलं मोडकं काहीतरी घेऊन या. पहिला जॉब त्याचाच. कुणी पंख्याचा झिजलेला दांडा आणायचं, कुणी आजोबांच्या चाकाच्या खुर्चीचा बोल्ट. मग पोरं जेवणाची सुट्टी विसरायची. घरी कुणीतरी त्या वस्तूची वाट बघत असायचं, त्यांना ढकलावं लागायचं नाही.

मावशी त्यांच्या शेवटच्या तुकडीतली. वय चौतीस, बाकी सगळे अठरा-एकोणीसचे, म्हणून मावशी. ती सकाळी इथे शिकायची आणि दुपारपाळीला एका कारखान्यात खोकी बांधायची. खोकी बांधणारं यंत्र येणार, हे तिथल्या फोरमनने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. प्रमाणपत्र आण, मशीनवर घेतो, नाहीतर माझ्याही हातात काही नाही, असं तो म्हणाला होता. घरात ती आणि तिची मुलगी. दुसरं कमावणारं कुणी नाही.

तिने पहिल्या दिवशी बिजागरीची झिजलेली खीळ आणली. तिच्या घराचं दार वर्षभर सुतळीने बांधून ठेवलेलं होतं. खीळ करायला तिला नऊ दिवस लागले. आठ वेळा 'पुन्हा' ऐकलं. नवव्यांदा मास्तरांनी माप घेतलं आणि खीळ परत न देता तिच्या पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी ती सांगत होती की जाऊ दार बघायला आली आणि म्हणाली, दार लावता यावं म्हणून बाई शाळेत गेली. सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी यायची आणि मला तेल घालायची. कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ष संपलं आणि मास्तर निवृत्त झाले. जागा पाच महिने रिकामी होती. साहेब, पाच महिने. दुसऱ्या वर्षाचे धडे तसेच पडून राहिले. मग एक नवे सर आले. पोरांनी त्यांचं नाव जर्नलसर ठेवलं, कारण ते फक्त जर्नल भरून घेत. लेथचं चित्र काढा, भागांची नावं लिहा, मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवा. मी समोर सहा फुटांवर उभा आणि पोरं माझं चित्र वहीतून वहीत उतरवतायत! वैतागून कुणी माझ्याकडे आलं की सर म्हणायचे, हात लावू नका, बिघडलं तर कोण भरून देणार.

मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. एकदा सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ आले, दांडी धरली, चालू करायला गेले आणि हात मागे घेतला. त्यांना मी येतच नव्हतो. ते शिकले तिथेही यंत्र असंच, कुणी हात न लावता, कापडाखाली झाकलेलं असणार. ज्याच्या हाताला कधी चव लागली नाही, तो दुसऱ्याला भूक कशी लावणार?

तुकडी गळू लागली. बावीसचे तेरा झाले. तेव्हा तुम्ही काय केलंत? भिंतीवर जिद्दीचा मोठा फलक लावलात. बाहेरून एक वक्ते आणलेत. ते दीड तास स्वप्नांवर बोलले, पोरांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मावशीने विचारलं की दोन महिन्यांवर परीक्षा आहे, मशीन कधी मिळेल. वक्ते म्हणाले, प्रश्न चांगला आहे. आणि गेले.

मग तपासणी आली. जमिनीवर पिवळे पट्टे हवेत म्हणून मला बाजूला सरकवायचं ठरलं. चौघांनी पहार लावली ती नेमकी माझ्या शेपटाला. दांड्याचं मोकळं टोक ज्याच्यावर टेकतं, ते माझं शेपूट. ते केसभर बाजूला गेलं. पट्टे वाळल्यावर मला परत ढकललं. पाणसळ लावून माझी पातळी कुणी पाहिली नाही, शेपूट तर नाहीच. मला हिरवा रंग मात्र दिला, तेलाच्या भोकांसकट. तपासणीत शेरा मिळाला, 'यंत्रे उत्तम स्थितीत'.

परीक्षेच्या सकाळी एक खोकं आलं. त्यात तेरा तयार दांडे होते, बाहेरून करून आणलेले, लखलखीत. परीक्षक ऑफिसात चहा घेत होते. सरांनी सांगितलं, एकेक उचला, आपापला नंबर ठोका. बारा जणांनी उचलले. मी त्यांना काय बोलू, त्यांना दुसरं काही येऊच दिलं नव्हतं.

मावशीने दांडा हातात घेतला, वजन केल्यासारखा धरला आणि परत खोक्यात ठेवला.

"सर, हा माझा नाही."

"मावशी, सगळीकडे असंच चालतं. पास व्हायचंय ना?"

"पास होऊन मला मशीनवरच उभं राहायचंय, सर. तिथे कोण खोकं आणून देणार?"

सरांनी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, करा तुम्ही, पण माझं नाव घेऊ नका. तिने टाचणीने माझ्या भोकांतला रंग उकरला, तेल घातलं आणि कच्चा दांडा बांधला. पंचवीस मिलिमीटर जाडी, दोन टोकांत पाच शतांशापेक्षा जास्त फरक नको. वर्षभराने माझ्यावर हात पडला होता. तिचा हात जराही विसरला नव्हता.

तिने मापलं. एक टोक बरोबर, दुसरं चौदा शतांश जाड. पुन्हा हलका कट घेतला. फरक तेवढाच. तिने टूल बदललं, वेग कमी केला, दांडा सोडून पुन्हा बांधला. तेवढाच. चूक तिच्या हाताची नव्हती, माझ्या शेपटाची होती. शेपटाच्या बुडाशी दोन स्क्रू आहेत. एक ढिला करायचा, एक आवळायचा, दहा मिनिटांचं काम. तो दुसऱ्या वर्षाचा तिसरा धडा आहे.

ती सरांकडे गेली आणि म्हणाली, दांडा निमुळता होतोय, माझं काय चुकतंय. सरांनी दांडा बघितला, मला बघितलं, खाली बघितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

परीक्षकांनी तेरा दांडे मापले. बारा पास. मावशीचं माप पुन्हा घेतलं आणि कागदावर दोन शब्द लिहिले. ती रडली नाही. माझ्या पाठीवरचा लोखंडाचा कीस तिने ब्रशने झाडला, फडकं फिरवलं, मग गेली. पुढच्या आठवड्यात पास झालेल्यांतला एकजण आला. प्रमाणपत्र पिशवीत होतं. उद्यापासून त्याला कामावर जायचं होतं, आणि तो माझ्याकडे बोट दाखवून लाजत शिपायाला विचारत होता की हे मशीन चालू कुठून करतात.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शिकवायला उभं राहिलं, तर आधी स्वतःचे हात काळे करा. शिकणाऱ्याचं मन लागत नाही अशी ओरड करण्याआधी त्याच्या हातात खरं काम द्या, ज्याची कुणाला तरी गरज आहे असं. आणि त्याचं चुकलं तर का चुकलं, ते सांगता येईल एवढं तरी शिका.

आणि साहेब, तुमच्यासाठी एवढंच. खोकी बांधणारं यंत्र सात महिन्यांनी येतंय. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी आहे. मावशीने अर्ज भरलाय, पोचपावती घेऊन गेलीय. मधल्या सहा महिन्यांत ते दोन स्क्रू तिला कोण दाखवणार आहे? माणूस सांगा आणि तारीख सांगा. मी उत्तराची वाट बघतोय.